टेप दोन महिन्यांनी काढा: बायकांनी ताकद आणि स्नायू कसे वाढवावेत

बेळगाव भागाला कुस्तीचं वेड जुनं. त्यामुळे वजन उचलायचं म्हटलं की शहापूर असो वा निपाणी, बायकांची पहिली शंका ठरलेली: दंड पैलवानासारखे होतील का? होत नाहीत. पुरुषात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) दहापटीहून जास्त असतं, म्हणून त्याचा स्नायू एकूण मोठा होतो. पण मूळ आकाराच्या मानाने टक्केवारी काढली, तर बाईची वाढ जवळपास तेवढीच भरते.

सुरुवात वहीपासून करा. दंड आणि मांडीचा घेर लिहा, मग टेप कपाटात ठेवा. पहिले चार-सहा आठवडे ताकद वाढते ती मुख्यतः मज्जातंतूंमुळे. एक मज्जापेशी आणि तिच्या हुकमातले स्नायूतंतू मिळून होतं एक मोटर युनिट. नवशिकीला सगळी युनिट कामाला लावता येत नाहीत. सरावाने जास्त युनिट जागी होतात, संदेश भराभर जातात, उलट बाजूचा स्नायू विनाकारण ताणून धरणं कमी होतं. ईएमजी (स्नायूतले विजेचे संदेश मोजणारी चाचणी) काढला तर हा फरक बऱ्याचदा दिसतो, टेप मात्र ढिम्म. पहिल्या आठवड्यात मांडी भरल्यासारखी वाटेल. ती सूज, स्नायू नव्हे.

आता व्यायाम. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये निदान एक दिवस सुट्टी. बैठका, कट्ट्याला हात टेकून जोर, पाठ सरळ ठेवून जमिनीवरचं वजन उचलणं आणि वाकून पोटाकडे ओढणं. प्रत्येकाचे तीन सेट, 8 ते 12 वेळा, मध्ये दोन मिनिटं दम घ्या. सेट संपताना आणखी एक-दोनच जमल्या असत्या असं वाटायला हवं, कारण मोठी युनिट सर्वांत शेवटी, जोर लागल्यावरच उठतात. बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपो मैदानावरच्या सकाळच्या फेऱ्या हृदयाला चांगल्या, पण त्यांनी हे काम होत नाही. ‘आम्ही शेतात राबतोच की’ असं खानापूरकडची मावशी म्हणेल. खरंय, पण ओझं वर्षानुवर्षं तेवढंच असेल तर शरीर सरावतं. म्हणून 12 वेळा सहज जमलं की वजन वाढवा. पाच लिटर पाण्याचा कॅन म्हणजे पाच किलो, घरच्या घरी हिशेब सोपा. गरोदर असाल किंवा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

जेवणात आपण कमी पडतो, हे स्पष्टच सांगते. 60 किलोच्या बाईला दिवसाला 70 ते 95 ग्रॅम प्रथिनं लागतात. भाकरी आणि पातळ आमटीत ती भरत नाहीत. मटकी, हुलगे, दही, अंडी, मासे वाढवा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरच ठरवतील.

दोन महिन्यांनी सकाळी, त्याच जागी, हात सैल सोडून मोजा. वहीत वजन चढलंय पण घेर तसाच असेल, तर प्रत्येक व्यायामाला एक सेट वाढवा, ताटातली प्रथिनं मोजा आणि अजून दोन महिने द्या.