थोडक्या वॅटांवरचा हॅम रेडिओ: नवख्यांसाठी राजापूरहून

हॅम रेडिओत, म्हणजे परवाना काढून हौसेने चालवायच्या रेडिओत, यायचं ठरवलेल्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: रेडिओ कोणता घेऊ? मी त्यांना आधी विचारतो, तार कुठे बांधणार? पाच वॅटांवर आणि कधी त्याच्याही कितीतरी खाली काम करायचं असेल, तर सगळी मदार अँटेनावर आणि तुमच्या घराभोवतीच्या खरखरीवर असते. रेडिओचा नंबर त्यानंतर लागतो.

आधी हिशेब मांडू. १०० वॅट आणि ५ वॅट यांच्यात फरक १३ डेसिबलचा. सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या मीटरवरचं एक घर, म्हणजे एक एस-युनिट, ६ डेसिबलचं धरतात. म्हणजे पॉवर वीसपट कमी केली तरी समोरच्याच्या मीटरचा काटा जेमतेम दोन घरं खाली येतो. एवढं नुकसान वाईट अँटेना सहज करते, आणि शंभर वॅटवाल्याला ते बहुधा कळतही नाही. पाच वॅटवाल्याला लगेच कळतं. क्यूआरपी, म्हणजे मोर्सला ५ आणि बोलायला १० वॅटांच्या आत राहण्याची शिस्त, मला नवख्यांसाठी सगळ्यात चांगली शाळा वाटते ती यासाठीच. इथे केलेली प्रत्येक सुधारणा कानाला ऐकू येते.

परवान्याचं थोडक्यात सांगतो. केंद्राच्या दूरसंचार विभागातली डब्ल्यूपीसी शाखा परीक्षा घेते, अर्ज सरल संचार पोर्टलवर करायचा. प्रश्न दोन भागांत असतात: रेडिओचं तंत्र आणि नियम. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला व्हीयू३ ने सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे हवेतली तुमची ओळख, मिळतो, जनरलला व्हीयू२. अभ्यास अवघड नाही, मात्र अर्जानंतर वाट पाहायची तयारी ठेवा. परवाना हातात येईपर्यंत एक मिलिवॅटसुद्धा हवेत सोडायचा नाही. पाच मिलिवॅटला कोण विचारतंय, असं म्हणणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका.

वाट पाहण्याचा तो काळ ऐकण्यात घालवा. एखादा जुना शॉर्टवेव्ह रिसीव्हर किंवा संगणकाला जोडायचा छोटा रिसीव्हर, म्हणजे एसडीआर डोंगल, घ्या. शॉर्टवेव्हला चालतो ना, हे मात्र विचारून घ्या, कारण सगळे डोंगल तिथवर उतरत नाहीत. मग ७ मेगाहर्ट्झवर सकाळी, दुपारी, रात्री काय बदलतं ते वहीत टिपत जा. दिवसा आपल्याकडची माणसं ऐकू येतात. रात्री जवळची गप्प होतात आणि लांबची वर येतात. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि रोज स्वतःच्या कानांनी ऐकणं वेगळं.

ऐकायला लागलात की खरखर कळते. आमच्याकडे कोकणात पावसाळ्यात लाईट जाण्याचं कौतुक नाही, पण रेडिओवाल्यासाठी ती पर्वणी असते. माझ्या घरी संध्याकाळी ७ मेगाहर्ट्झवर काटा एस-६ वर अडकलेला असायचा. लाईट गेली की तो एस-२ च्या खाली. मधल्या २४ डेसिबलांचा अर्थ असा की जगातल्या प्रत्येक स्टेशनने आपली पॉवर एकाच क्षणी अडीचशे पटींनी वाढवावी. बारा व्होल्टच्या बॅटरीवर माझा सेट चालूच असतो, आणि गावात अंधार झाला की मी आधी हेडफोन कानाला लावतो. पुढची पायरी म्हणजे लाईट असताना ही खरखर येते कुठून ते शोधणं. बॅटरीवर ऐकत बसा आणि घरातले एमसीबी एकेक करून खाली पाडा. काटा कधी कोसळतो ते पाहा. मग मीडियम वेव्हचा छोटा ट्रान्झिस्टर दोन स्टेशनांच्या मधे लावून त्या खोलीत फिरवा. स्वस्त एलईडी बल्ब, मोबाईलचा चार्जर, सेटटॉप बॉक्सचा अॅडॅप्टर, इन्व्हर्टर, यांतलाच कोणीतरी सापडतो. नवा रेडिओ घेण्याआधी हे करा. याला पैसा लागत नाही, फक्त घरच्यांची परवानगी लागते.

आता तार. पहिली अँटेना अर्ध्या तरंगलांबीचा डायपोलच असू द्या. मेगाहर्ट्झने १४३ ला भागलं की एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. ७.०५ साठी ती साधारण वीस मीटर, म्हणजे मधोमध तोडून प्रत्येक बाजूला दहा. घरात वायरिंगला वापरतात तीच दीड एमएमची वायर चालते. वरच्या प्लॅस्टिकमुळे ती उघड्या तांब्यापेक्षा विजेच्या दृष्टीने थोडी लांब भरते, म्हणून सूत्र फक्त सुरुवातीपुरतं. इन्सुलेटर म्हणून पीव्हीसी कंड्युटचे वीतभर तुकडे, ओढायला नायलॉनची दोरी.

माडावर दोरी चढवायची माझी रीत अशी. गलोलीने मासेमारीचं शिसं उडवायचं, त्याला गळाची बारीक तंगूस बांधलेली असते. शिसं झावळ्यांवरून पलीकडे पडलं की तंगुशीला सुतळी बांधून ओढायची आणि सुतळीला नायलॉन. दोरीचं खालचं टोक झाडाला घट्ट बांधू नका, त्याला वाळूची बाटली लटकवा. वाऱ्याने माड डोलला की बाटली खालीवर होते आणि तार तुटत नाही. महावितरणच्या तारा जिथे आहेत त्या बाजूला काही उडवायचं नाही, आणि आपली अँटेना तुटून पडली तरी त्या तारांना लागणार नाही एवढं अंतर ठेवायचं. यात कुठेही सूट नाही.

अँटेना कोणत्या फ्रीक्वेन्सीला जुळते ते मापायला नॅनोव्हीएनए घ्या. दोनअडीच इंची पडद्याच्या या यंत्राने आम्हा घरगुती अँटेनावाल्यांचं जगणं बदललं. सुरुवातीला बाजू जाणूनबुजून मोठ्या ठेवाव्यात. माझ्या डायपोलची प्रत्येक बाजू १०.३ मीटर होती आणि एसडब्ल्यूआरचा (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याच्या मापाचा) खळगा ६.८५ मेगाहर्ट्झवर दिसत होता. हवा होता ७.०५ वर. लांबी आणि फ्रीक्वेन्सी व्यस्त प्रमाणात चालतात, तेव्हा १०.३ गुणिले ६.८५ भागिले ७.०५ केलं की दहा मीटर आणि वर एक सेंटिमीटर येतो. म्हणजे प्रत्येक बाजूने एकोणतीस-तीस सेंटिमीटर कमी. पण वायर कापायची नाही. टोक मागे दुमडून त्याच वायरीवर पीळ घालून बांधायचं. पावसाळ्यात झाडं ओली झाली की खळगा पुन्हा खाली सरकतो, तेव्हा दुमडलेलं टोक कमीजास्त करता येतं. एसडब्ल्यूआर १.० व्हावा म्हणून जीव काढू नका. २ असतानाही परत येणारी पॉवर ११ टक्केच असते. तेवढ्याने तुमचा सिग्नल कुणालाही कमी ऐकू जात नाही.

माझी ही तार जमिनीपासून सहा-सात मीटरांवर आहे. पुस्तकं म्हणतील, फार खाली आहे. पण आमच्या आणि पुण्याच्या मधे सह्याद्री आडवा उभा आहे, आणि इथे ही खालची तारच कामाला येते. १४५ मेगाहर्ट्झचा हातातला सेट घाटाच्या भिंतीपाशी संपतो. ७ मेगाहर्ट्झच्या कमी उंचीच्या डायपोलमधून मात्र बराचसा सिग्नल सरळ डोक्यावर जातो, दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातल्या आयनोस्फिअरच्या एफ थरावरून परततो आणि छत्रीसारखा चारी बाजूंना खाली उतरतो. कोल्हापूर इथून सरळ रेषेत पाऊणशे किलोमीटर, पुणे दोनशेच्या आसपास. दोन्हीकडे पाच वॅटांवर, भर दुपारी, शांतपणे बोलता येतं. डोंगर मधे आहे की नाही याने काही फरक पडत नाही. सूर्य मावळला की थर विरळ होतो, सरळ वर गेलेला सिग्नल तो भेदून निघून जातो आणि पुणं गायब होतं. पहिल्यांदा असं झालं की नवखा अँटेना तपासत बसतो. आधी घड्याळ पाहा.

सेटबद्दल एवढंच. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी बिटएक्स आणि नंतर मायक्रोबिटएक्स हे स्वस्त, उघड्या आराखड्याचे सेट जगाला दिले, आणि आपल्याकडे त्यांवर शिकलेले लोक भरपूर आहेत. अडलात तर मदत मिळते, म्हणून मी ते सुचवतो. सुट्या भागांसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात पासोड्या विठोबाजवळची दुकानं आहेत. संगणकाच्या जुन्या पॉवर सप्लायमधली पिवळी-पांढरी टोरॉइड कडी अँटेनाच्या ट्रान्सफॉर्मरला वापरू नका. ती लोहचूर्णाची असते आणि शॉर्टवेव्हवर तापण्यातच पॉवर घालवते. ४३ नंबरची फेराइट मागा.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते डब्ल्यूएसपीआरने, म्हणजे क्षीण सिग्नल कुठवर पोचतात ते संगणकाने तपासायच्या पद्धतीने. आम्ही तोंडाने त्याला व्हिस्पर म्हणतो. जो टेलर यांनी ते २००८ साली आणलं. जोड-पल्सारच्या (ठोक्यांसारख्या रेडिओलहरी पाठवणाऱ्या ताऱ्याच्या) शोधासाठी रसेल हल्स यांच्याबरोबर १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले तेच हे टेलर. आकाशातल्या क्षीण ठोक्यांवर काम केलेल्या माणसाने हॅमसाठी क्षीण सिग्नलची पद्धत बनवावी, हे मला फार योग्य वाटतं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस डिश असेच पल्सार ऐकतात. जुन्नर भागात गेलात तर बघून या.

व्हिस्परचं काम असं. सम मिनिटाला प्रक्षेपण सुरू होतं आणि जवळपास ११० सेकंद चालतं. तेवढ्यात जातात फक्त तीन गोष्टी: कॉलसाइन, ठिकाणाचा (नकाशावरच्या ठरलेल्या जाळीतला) चौकोन आणि पॉवर. आमचा चौकोन एमके६६, पुण्याचा एमके६८. सगळा सिग्नल ६ हर्ट्झमध्ये मावतो, म्हणून अडीच हजार हर्ट्झमधल्या खरखरीपेक्षा २८ डेसिबल खाली असला तरी उलगडतो. कानाला तिथे काहीच ऐकू येत नाही. संगणकाचं घड्याळ मात्र एखाद्या सेकंदाच्या आत बरोबर हवं. जगभरचे रिसीव्हर आपण ऐकलेले सिग्नल आपोआप नोंदवतात, आणि तुमचे २०० मिलिवॅट कुठे पोचले ते काही मिनिटांत दिसतं. संध्याकाळी १४ मेगाहर्ट्झवर माझ्या तेवढ्या पॉवरला युरोप आणि ऑस्ट्रेलियातून नोंदी येतात. हे प्रक्षेपण चालू असताना सेटजवळ बसा. लावून बाजारात जायचं नाही.

नकाशावर लांबलांब रेषा पाहून समाधान मानू नका. आकडे वाचा. समजा युरोपातल्या एका स्टेशनने तुम्हाला २०० मिलिवॅटवर उणे ८, म्हणजे खरखरीपेक्षा ८ डेसिबल खाली, असं दिलं. पॉवर ५ मिलिवॅट केली तर ती चाळीसपट, म्हणजे १६ डेसिबल कमी होते. तेव्हा उणे २४ यायला हवं, आणि ते अजून उलगडण्याच्या हद्दीत आहे. करून पाहा. सिग्नल चढतो-उतरतो, म्हणून एका नोंदीवर निष्कर्ष काढू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन पॉवर किंवा दोन अँटेना आलटूनपालटून लावा, आणि त्याच स्टेशनच्या बऱ्याच नोंदींची सरासरी घ्या.

असाच प्रयोग मी उभ्या अँटेनावर केला. फायबरच्या मासेमारीच्या काठीला ५ मीटर वायर, खाली मीटरभर उंचीवर तेवढ्याच लांबीच्या चार पसरलेल्या तारा, म्हणजे रेडियल. १४ मेगाहर्ट्झची ही पाव तरंगलांबी. आमच्या सड्यावर ती यथातथाच चालते. जांभा दगड विजेला वाईट वाहक, त्यात पहार शिरत नाही आणि अर्थिंग नावापुरतं होतं. तीच काठी आंबोळगडला समुद्राच्या पाण्यापासून काही पावलांवर उभी केली की चित्र पालटतं. खारं पाणी उत्तम वाहक असल्यामुळे क्षितिजालगतचा, कमी कोनाचा सिग्नल जमिनीत न विरता पुढे जातो, आणि लांबच्या स्टेशनांना तोच कोन लागतो. पश्चिमेला समोर मोकळा अरबी समुद्र. किनाऱ्यावर राहणाऱ्या मराठी पोरांना हे वरदान घराच्या दारात मिळालंय, आणि त्यांतली फार थोडी ते वापरतात. मात्र परवान्यातल्या पत्त्याबाहेर सेट चालवण्याच्या अटी आधी वाचा, परवान्याची प्रत जवळ ठेवा आणि गावात सांगून ठेवा. किनाऱ्यावर काठ्या-तारा घेऊन बसलेल्या माणसाला पोलिसांनी हटकलं तर ते त्यांचं कामच आहे.

स्वतः व्हिस्परचा बीकन, म्हणजे आपोआप सिग्नल पाठवणारं छोटं सर्किट, बनवायचा असेल तर एसआय५३५१ चिप आणि अर्डुइनो पुरे. चिपमधून थेट जेमतेम दहा मिलिवॅट निघतात आणि सुरुवातीला तेवढे बास. पण त्यातून चौकोनी लहर येते, म्हणजे ७ मेगाहर्ट्झबरोबर २१ वरही सिग्नल जातो. वरच्या फ्रीक्वेन्सी अडवणारा लो-पास फिल्टर नसेल तर बीकन अँटेनाला जोडायचा नाही. पॉवर कमी आहे म्हणून फिल्टर टाळायचा नसतो. इतके थोडे मिलिवॅट कुठवर जातात ते तुम्ही आत्ताच वाचलंत.

मोर्सही शिका. परीक्षेला हवा असो वा नसो, पाच वॅटांवर माणसाशी गाठ घालून देणारा त्याच्याइतका साधा मार्ग मला माहीत नाही. मोठ्या स्टेशनांच्या गर्दीत ओरडून उपयोग नसतो. कुणाचं बोलणं संपतंय ते ऐका, मग त्याच्या फ्रीक्वेन्सीवर एकदाच, नीट, आपला कॉलसाइन द्या. चांगला ऑपरेटर मंद सिग्नललाही थांबून उत्तर देतो. पुढे कधी तुमच्याकडे शंभर वॅट आले, तर तुम्हीही तसंच थांबा.

एप्रिलअखेर वळवाचे ढग दिसायला लागले की कोअॅक्स, म्हणजे अँटेनाहून येणारी केबल, सेटपासून काढून खिडकीबाहेर ठेवायची सवय लावा. प्लग नुसता काढून टेबलावर ठेवणं पुरेसं नाही. लांबवर गडगडत असेल तेव्हाही तारेवर ठिणगी पडेल एवढा भार साचू शकतो, आणि क्यूआरपी सेटचं पुढचं सर्किट फार नाजूक असतं. मे महिन्यात ७ मेगाहर्ट्झवर तसाही विजेचा कडकडाटच जास्त असतो. ते दिवस मी पुढच्या तारेसाठी कंड्युट कापण्यात, फेराइटवर वेढे घालण्यात आणि नॅनोव्हीएनएवर ते मोजण्यात घालवतो.