सीरम २ बसवण्याआधीची तयारी

एक्सफर रेकॉर्ड्सचा सीरम, म्हणजे संगीतासाठी कॉम्प्युटरवर आवाज बनवणारा सॉफ्टवेअर सिंथेसायझर, २०१४ साली आला, सीरम २ मार्च २०२५ मध्ये. जुनं लायसन्स असेल तर नवी आवृत्ती फुकट मिळते, त्यामुळे खिशाला चाट नाही. जपायचे ते चालू प्रोजेक्ट. डिलिव्हरी आठवड्यावर आली असेल तर इन्स्टॉलरला हात लावू नका.

आधी गरज बघा. ग्रॅन्युलर, स्पेक्ट्रल, मल्टिसॅम्पल या आवाज घडवण्याच्या नव्या पद्धती आणि तिसरा ऑसिलेटर (मूळ आवाज तयार करणारा भाग) हवा असेल तर नव्यात भरपूर आहे. नुसते बास आणि प्लक (तार छेडल्यासारखे तुटक सूर) करायचे असतील तर जुना अजूनही पुरतो. मग होस्ट, म्हणजे सीरम ज्याच्या आत चालतो ते रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर, तपासा: सीरम २ व्हीएसटी३, एयू आणि एएएक्स या प्लगइनच्या (होस्टमध्ये जोडायच्या सॉफ्टवेअरच्या) रूपांत येतो, व्हीएसटी२ मध्ये नाही. विंडोजवर होस्ट म्हणून एबल्टन लाइव्ह असेल आणि ते १०.१ च्या आधीचं असेल तर तो यादीत दिसणारच नाही.

बसवण्यापूर्वी (विंडोजवर) डॉक्युमेंट्समधल्या एक्सफर फोल्डरची पूर्ण कॉपी बाहेरच्या डिस्कवर घ्या. मॅकवर प्रीसेट (जतन केलेले आवाज) 'लायब्ररी > ऑडिओ > प्रीसेट्स > एक्सफर रेकॉर्ड्स' या फोल्डरात असतात. स्वतः बनवलेले वेव्हटेबल (ऑसिलेटर वाजवतो त्या लहरींचे संच) आणि नॉइज सॅम्पल याच फोल्डरात राहतात. ते हमखास विसरले जातात. महत्त्वाच्या प्रोजेक्टमधले सीरमचे ट्रॅक २४ बिट वेव्ह ऑडिओ फाइलमध्ये बाउन्स (रेकॉर्ड) करून प्रोजेक्टसोबतच ठेवा.

नवा सीरम वेगळा प्लगइन म्हणून बसतो, जुन्याच्या जागी नाही. म्हणून जुना काढून टाकू नका; काढलात की जुनी फाइल उघडताना 'प्लगइन सापडत नाही' असा निरोप येईल. जुना प्रीसेट नव्यात उघडतो, पण ट्रॅकवरचं ऑटोमेशन (वेळेनुसार नॉब आपोआप फिरवण्याची नोंद) आपसूक येत नाही, ते पुन्हा जोडावं लागतं.

आवाज तोच येतो का, हे ताडायचं तर दोन्हींतून एकच मिडी क्लिप (सुरांची नोंद) रेंडर करा, म्हणजे ऑडिओ फाइल बनवा, एकाची फेज (लहरीची दिशा) उलटी करा आणि एकत्र वाजवा. शांतता आली तर आवाज जुळला. फक्त त्याआधी ऑसिलेटरचा रँड नॉब (दर सुराला लहर कुठून सुरू होईल हे बदलत ठेवणारा) शून्यावर आणा आणि नॉइज बंद ठेवा. रँड मुळातच पूर्ण उघडा असतो, त्यामुळे जुन्याच सीरमचे दोन रेंडरसुद्धा एकमेकांना खोडत नाहीत. ही पायरी गाळून नव्या सीरमला नावं ठेवणारे बरेच भेटतात.

सीपीयूची परीक्षा जड पॅचवर घ्या: चार सुरांचा कॉर्ड, दोन ऑसिलेटर, प्रत्येकी १६ युनिझन (एकाच सुराच्या एकत्र वाजणाऱ्या प्रती), म्हणजे एका वेळी १२८ आवाज. होस्टमधला ऑडिओ बफर २५६ सॅम्पल ठेवा आणि ओव्हरसॅम्पलिंग (आवाजाच्या शुद्धतेसाठी जास्त बारकाईने गणित करण्याची सेटिंग) दोन्हीकडे सारखं. कडकड ऐकू आली तर युनिझन ८ वर आणून बघा, बहुतेकदा कानाला फरक कळत नाही.

राहिला कामातला जोडीदार. सीरम २ मध्ये सेव्ह केलेला प्रीसेट सीरम १ मध्ये उघडत नाही. मिक्स करणाऱ्याकडे अजून जुनाच असेल, तर त्याला प्रोजेक्ट नको, ऑडिओ स्टेम (ट्रॅकच्या वेगवेगळ्या ऑडिओ फाइल) पाठवा.