कुजलेल्या ट्रान्समच्या जागी वेल्ड केलेला ॲल्युमिनियमचा ट्रान्सम

लहान मोटरबोटीची मागची उभी भिंत, म्हणजे ट्रान्सम, इंजिनाचे वजन तर पेलतेच, शिवाय इंजिन बोटीला पुढे रेटते तो सारा जोरही तिच्यातूनच बोटीच्या अंगात उतरतो. ॲल्युमिनियमच्या जुन्या बोटींत या भिंतीच्या आत प्लायवुड असते आणि बोल्टांच्या भोकांतून पाणी झिरपत राहिले की ते कुजते. बाहेरून पत्रा धडधाकट दिसतो, म्हणून इंजिनाचा खालचा भाग धरून वर-खाली हलवून पाहावा. ट्रान्समची वरची कड त्याबरोबर हलू लागली, तर आतले लाकूड गेले असे समजावे. तेथे पुन्हा प्लायवुड भरता येते, परंतु बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीसारख्या औद्योगिक वसाहतीत ॲल्युमिनियमचे टिग वेल्डिंग, म्हणजे टंगस्टनच्या टोकाने आर्गॉन वायूच्या आवरणात केलेले वेल्डिंग, करणारे गाळे सापडत असताना धातूची पोकळ पेटीच बसवणे मला अधिक पटते.

वेल्डिंगचा निर्णय मात्र बोटीच्या पत्र्याची जाडी पाहून घ्यावा. पत्रा तीन मिलिमीटर किंवा त्याहून जाड असेल, तर नवी पेटी थेट वेल्ड करता येते. रिव्हेट मारलेल्या हलक्या बोटींचा पत्रा पुष्कळदा याहून बराच पातळ असतो आणि वेल्डिंगच्या उष्णतेने तो भोके पडून वाया जातो, शिवाय शेजारचे रिव्हेट सैल होतात. अशा बोटीसाठी पेटी बाहेर टेबलावर वेल्ड करून घ्यावी आणि सीलंट लावून बोल्ट व रिव्हेटने बसवावी.

काही कापण्यापूर्वी बोट ट्रेलरवर समपातळीत आणून ट्रान्समचा कल आणि मधली उंची मोजून ठेवावी, कारण आखूड शाफ्टच्या (इंजिनापासून पंख्यापर्यंतच्या दांड्याच्या) इंजिनाला सुमारे १५ इंच आणि लांब शाफ्टच्या इंजिनाला सुमारे २० इंच उंची लागते. आकाराचा साचा जाड पुठ्ठ्यावर कापावा. मग इंजिन, बॅटरी आणि इंधनाची टाकी बोटीतून बाहेर काढावी. तरंगण्यासाठी भरलेला फोमही कामाच्या जागेपासून दूरपर्यंत खरवडून काढावा, कारण तो जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो.

पत्रा ५०८३ किंवा ५०५२ या मिश्रधातूचा, पाच मिलिमीटर जाडीचा घ्यावा. ६०६१ चा चॅनल सहज मिळतो, पण वेल्डच्या आसपास त्याची ताकद बरीच घटते, हे ध्यानात ठेवावे. फिलर, म्हणजे सांध्यात वितळवून भरायची कांडी, ५३५६ चाच मागावा. पुष्कळ गाळ्यांत ४०४३ ची कांडी हाताशी असते आणि ‘हिनेही होते’ असे सांगितले जाते, परंतु ५०८३ मधील मॅग्नेशियमशी तिचे जमत नाही आणि सांधा ठिसूळ होतो.

पेटी म्हणजे दोन पत्रे आणि त्यांच्यामध्ये उभ्या पट्ट्या, एकूण जाडी सुमारे ४० मिलिमीटर. इंजिनाचे क्लॅम्प किती जाडीवर बसतात ते मोजून हा आकडा पक्का करावा. बोल्ट जाणार तेथे दोन्ही पत्र्यांतून आरपार नळीचा तुकडा घालून दोन्ही बाजूंनी वेल्ड करावा, नाहीतर बोल्ट आवळताना पोकळ पेटी चेपते आणि बोल्ट कायमचा ढिला राहतो. पेटीला तळाशी निचऱ्याचे एक भोक ठेवावे. ते नसेल तर आत कोंडलेली हवा तापून फुगते आणि शेवटचा वेल्ड बंद होता होता फुंकून बाहेर टाकते. खरी ताकद मात्र गुडघ्यांत, म्हणजे ट्रान्समपासून बोटीच्या तळातील लांब कण्यांपर्यंत जाणाऱ्या त्रिकोणी आधारांत असते; ते तळाच्या नुसत्या पत्र्यावर टेकवले, तर काही काळाने तेथेच चीर जाते.

ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंशांना वितळते, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर २००० अंशांच्याही वर. म्हणून आधी ॲसिटोनने तेल पुसावे, मग लोखंडाला कधी न लागलेल्या स्टेनलेसच्या ब्रशने घासावे आणि त्यानंतर लगेच वेल्ड करावे. बडोद्याच्या पावसाळी दमट हवेत हे काम शक्यतो टाळावे, कारण ओलाव्यातील हायड्रोजन सांध्यात बारीक छिद्रे पाडतो. एसी टिग, शुद्ध आर्गॉन आणि पाच मिलिमीटरला साधारण २०० अँपिअर, असा हिशेब धरावा. आधी सगळीकडे टाके मारून कल पुन्हा तपासावा, मग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे थोडे थोडे वेल्ड करावे. प्रत्येक वेल्डच्या शेवटी खड्डा राहू देऊ नये. चीर बहुधा तेथूनच सुरू होते.

गळती पाहण्यासाठी बोटीच्या तळाशी व बाजूंशी जुळणाऱ्या सांध्यावर बाहेरून खडूचे पाणी फासून ते वाळू द्यावे आणि आतून रॉकेल लावावे. काही वेळाने पांढऱ्यावर ओला डाग उमटला, तर तेथे छिद्र आहे. तेवढा भाग खोदून, रॉकेल पूर्ण पुसून पुन्हा वेल्ड करावा.

इंजिनाचे बोल्ट ३१६ स्टेनलेसचे, नायलॉनच्या वॉशरसह आणि सीलंटमध्ये बसवावेत, म्हणजे दोन धातूंचा थेट स्पर्श टळतो. चांदोदच्या नर्मदेसारख्या गोड्या पाण्यात बोट राहणार असेल, तर मॅग्नेशियमचा ॲनोड, म्हणजे बोटीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारा तुकडा, लावावा. खंभातच्या आखाताच्या खाऱ्या पाण्यात मात्र झिंकचा किंवा ॲल्युमिनियमचा. पहिल्या फेरीनंतर बोल्ट पुन्हा आवळावेत आणि गुडघ्यांच्या टोकांचे वेल्ड भिंगाने पाहावेत.