पोटाची चरबी उतरवताना या चुका टाळा

सोलापुरात आहारसल्ल्याचे काम करताना दर आठवड्याला कुणी ना कुणी मोबाईलमधील वजनकाट्याचा फोटो माझ्यासमोर धरतो आणि "मॅडम, पंधरा दिवसांत चार किलो उतरले" असे अभिमानाने सांगतो. अशा वेळी मी शिवणकामाची टेप काढते. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्ये, सहज श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता माप घ्यावे. पँटचा नंबर येथे उपयोगाचा नाही, कारण पँट सुटलेल्या पोटाच्या खाली बांधली जाते. आपल्याकडे पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे धोका धरतात.

वजनावर विसंबणे ही चूक मला सर्वांत जास्त खटकते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) सारखाच, २२.३ होता, तरीही युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी निघाली, आणि ही तुलना २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. चरबी, स्नायू आणि पाणी यांतला फरक काट्याला कळत नाही. रक्तातील साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनच्या कामात मोठा अडथळा आणते ती यकृतात आणि आतड्यांभोवती साठलेली चरबी.

चादरीच्या कारखान्यात देखरेख करणारे सत्तेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ मला चांगले आठवतात. ओळखीतल्या कुणीतरी दिलेली पावडर पाण्यात कालवून ते दोन्ही वेळचे जेवण टाळत होते. दीड महिन्यात आठ किलो उतरले, तेव्हा त्यांनी पेढेही वाटले. पण मांडी घालून बसल्यावर उठताना त्यांना जमिनीला हात टेकावा लागत होता. उतरलेल्या आठ किलोंत पाणी आणि मांड्यांचे स्नायूही होते, हे त्यांच्या त्या उठण्यातच दिसत होते. पावडर सुटताच वजन परतले, स्नायू मात्र परतले नाहीत. कंबर १०४ वरून १०७ वर गेली आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातील चरबी, पूर्वीपेक्षा वाढले. त्यांना मी दोन्ही जेवणांत डाळ किंवा उसळ, रोज ताक, आणि खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा व्यायाम दिला. आठ महिन्यांत वजन जेमतेम पाच किलोंनी घटले, पण कंबर ९६ वर आली. पंधरा दिवसांत निकाल मागणाऱ्यांना मी हीच हकीकत सांगते आणि तरीही घाई करणाऱ्यांना परत पाठवते.

दुसरी चूक खास आपल्या गावची आहे. लोक भाकरी बंद करतात आणि तिच्या जागी 'डाएट' चिवडा, खाकरा, बिस्किटे आणतात. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम तंतू आणि जवळपास तेवढीच प्रथिने असतात. हे सोडून मैद्याकडे वळण्याचे कारण मला कधीच उमगलेले नाही. भाकरीसोबतच्या शेंगाचटणीचा हिशेब मात्र कुणी ठेवत नाही. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून अधिक कॅलरी असतात, शिवाय उखळात कुटताना सुटलेले तेल पुरेसे असूनही ताटात वरून आणखी धार धरली जाते. चटणी सोडा असे मी सांगणार नाही, मीही ती खाते; एक चमचा घ्यावी, दह्यात कालवावी आणि वरचे तेल बंद करावे. तेलाचा डबा महिन्याच्या एक तारखेला भरून ठेवावा: चौघांच्या घराला तीन किलो पुरेसे आहे, कारण माणशी रोज सुमारे २५ ग्रॅम एवढेच ते भरते.

फळांचा रस म्हणजे फळ नव्हे. रस गाळताना तंतू जातात आणि साखर राहते. पोटाच्या व्यायामाने फक्त पोटाचीच चरबी जळत नाही. वजन उतरले म्हणून डॉक्टरांना न विचारता मधुमेहाची गोळी थांबवू नये.

रक्ततपासणीच्या आधी चार दिवस पथ्य पाळणारेही पुष्कळ भेटतात. त्यांची उपाशीपोटीची साखर शंभरच्या आत येते आणि घरात समाधान पसरते. एचबीए१सी ही रक्ततपासणी मात्र साखरेची मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, आणि ती ५.७ टक्के, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, किंवा त्याहून अधिक असेल तर मी त्यांच्याकडून त्या महिन्यांतले लग्नाचे जेवण, चहाच्या फेऱ्या आणि रात्री अकराची जेवणे वहीत लिहून घेते.