बाकल्याला पावटा समजू नका: पेरणीपासून ताटापर्यंतच्या चुका

दसरा जवळ आला की माझ्याकडे बाकल्याचं, म्हणजे इंग्रजीतल्या 'ब्रॉड बीन'चं, बी मागायला माणसं येतात. फेब्रुवारी लागला की त्यांतल्या निम्म्यांचे फोन येतात. "झाड कमरेएवढं झालंय, फुलंही भरपूर आहेत, मग शेंग का धरत नाही?" मी पाचगणीच्या अलीकडे, पसरणी घाट चढून आल्यावर राहते आणि गेली अकरा वर्षं घरापुरता बाकला लावते. या अकरा वर्षांत चुका बदलल्या नाहीत, माणसं बदलली. आणि जवळजवळ सगळ्या चुकांचं मूळ एकच: बाकला म्हणजे पावट्याचाच मोठा भाऊ, असं धरून चालणं.

तो भाऊ नाही, भावकीतलाही लांबचा. पावटा उबदार हवेतला वेल आहे. बाकला वाटाणा आणि मसुराच्या घरातला, पश्चिम आशियाकडून आलेला, थंडीवर वाढणारा. त्याचं खोड चौकोनी आणि आतून पोकळ असतं, त्याला तणावे नसतात, पांढऱ्या फुलावर काळा डाग असतो. एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचे निम्मे घोटाळे टळतात.

बी कुठलं आणलंत?

'ब्रॉड बीन' म्हटलं की आपल्याकडे कुणी वाल पुढे करतं, कुणी घेवडा, आणि सगळ्यात जास्त वेळा डबल बी. डबल बी ही वेगळीच शेंग आहे, मूळ दक्षिण अमेरिकेतली. ही गफलत मला साधी वाटत नाही. इटलीत कोवळा बाकला कच्चा खातात हे कुठंतरी बघून कुणी ओली डबल बी कच्ची खाल्ली तर पोटात विष जाईल, कारण तिच्या दाण्यात सायनाइड तयार करणारे घटक असतात आणि ते नीट शिजवल्यावरच जातात. पावट्याचंही कच्चं खाणं नको. दुकानदाराला 'बाकला' हेच नाव सांगा, उत्तरेकडे हेच नाव चालतं. पुसा सुमीत, विक्रांत या आपल्या देशात निवडलेल्या जाती आहेत. परदेशी लांब शेंगेच्या जातींचा मोह पहिल्या वर्षी धरू नका.

संक्रांतीला पेरलेला बाकला

या चुकीवर मी सगळ्यात जास्त बोलते, कारण तिच्यात माणसाचे तीन महिने जातात.

माझी नणंद तासगावची. द्राक्षाचं घर, बागेतलं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. एका वर्षी तिनं संक्रांतीच्या आसपास चाळीस बिया लावल्या. मी विचारलं, आत्ता का? तर तिनं फोनवर एका इंग्रज माणसाचा व्हिडिओ दाखवला. तो म्हणत होता, फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरा, जून-जुलैत शेंगा खा. त्याच्या गावाला ते बरोबरच आहे. त्याच्याकडे फेब्रुवारीत जमीन नुकती सैल होत असते आणि जूनमध्ये आपल्या डिसेंबरसारखी हवा असते.

मार्चमध्ये मी तासगावला गेले. चाळीसच्या चाळीस झाडं उगवली होती. पानं टवटवीत, प्रत्येक बेचक्यात फुलांचे घोस. आणि झाडाखाली सगळीकडे गळालेली फुलं. नणंद रोज संध्याकाळी दोन बादल्या पाणी घालत होती, युरियाही टाकून झाला होता. एकाही झाडाला शेंग नव्हती. दुपारी त्या वाफ्यात उभं राहवत नव्हतं, तिथं फुलानं शेंग कशी धरावी? दिवसाचा पारा २७-२८ अंशांच्या वर जाऊन तिथंच राहिला की बाकल्याची फूलगळ सुरू होते. त्यावर खत नाही, टॉनिक नाही, फवारणी नाही. दुकानात कुणी तशी बाटली दिली तर परत करा.

माझी स्वतःची पहिली चूक उलट्या टोकाची होती. शेंगवर्गीय पीक म्हणजे पावसाबरोबर, म्हणून मी जूनमध्ये पेरला. घाटमाथ्यावरच्या त्या पावसात पंधरा दिवसांनी उकरून पाहिलं तर बियांचा लगदा झाला होता.

मग पेरायचं कधी? मी तारीख बघत नाही. आमच्याकडे स्ट्रॉबेरीची रोपं जमिनीत बसून नवी पानं काढायला लागली की मी बाकला पेरते. सांगलीकडच्यांनी द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी हीच खूण धरावी. छाटणी उरकली आणि पहाटे अंगावर काही घ्यावंसं वाटलं की बी जमिनीत गेलं पाहिजे. साधारण ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरचा मध्य. इजिप्तमध्ये नाईलच्या काठी बाकला मोठ्या प्रमाणात होतो, तेही ऑक्टोबर-नोव्हेंबरातच पेरतात. आपण नक्कल करायची तर कैरोची करावी, लंडनची नाही.

खरं सांगायचं तर सांगली, मिरज, तासगाव या भागात बाकल्याला थंडी काठावरच मिळते. तिथं शेतभर लावण्याच्या भानगडीत पडू नका. घराच्या पूर्वेला, सकाळचं ऊन आणि दुपारनंतर भिंतीची सावली अशी जागा असेल तर दहा-बारा झाडं लावा. नणंद आता तेच करते. मागच्या दोन्ही वर्षी तिला चार-पाच वेळच्या भाजीपुरत्या शेंगा मिळाल्या, आणि ती त्यावर समाधानी आहे.

लहान चुका, पण रोजच्या

मांडव घालू नका. बाकला चढत नाही, त्याला तणावेच नाहीत. पण वाऱ्यानं आडवा होतो, म्हणून ओळीच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून सुतळीचे दोन पदर ओढून घ्या, बास.

बी दाटीनं टाकू नका. मी वीतभर अंतर ठेवते, दोन ओळींत दीड फूट, आणि बी दोन इंच खोल. आमच्याकडे सकाळचं धुकं असतं. दाट लावलं की पानांवर चॉकलेटी ठिपके पडतात आणि मग ते पसरतच जातात.

उगवायला दहा-बारा दिवस लागतात. सहाव्या दिवशी माती उकरून बघणाऱ्यांना मी पुढच्या वर्षी बी देत नाही. कोंब मोडतो आणि वर मलाच फोन येतो की बी खराब होतं.

युरिया नको. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र घेतात. झाड फुलावर आलं की एखादं उपटून गाठ नखानं कापून पाहा. आतून गुलाबी असेल तर काम चालू आहे. जिवाणू खत लावायचं तर वाटाण्याचं किंवा मसुराचं आणा, बाकल्याला तेच चालतं. सोयाबीनचं उरलेलं पाकीट लावू नका, त्यातले जिवाणू वेगळे असतात, ते इथं गाठी करत नाहीत. ही चूक मी फार पाहिली आहे, कारण आपल्या भागात घरोघरी सोयाबीनचंच पाकीट उरलेलं असतं.

फूल असताना पाणी तोडू नका, आणि पाण्यात उभाही ठेवू नका. वाफसा टिकला पाहिजे.

काळा मावा येणारच. तो कोवळ्या शेंड्यावर बसतो. खालच्या तीन-चार बेचक्यांत बोटभर शेंगा दिसल्या की मी प्रत्येक झाडाचा चार बोटं शेंडा खुडते. मावा उपाशी राहतो आणि झाडाचा जोर शेंगांकडे जातो. स्वच्छ शेंडे मी लसूण-मिरचीवर परतते, पालकापेक्षा चवदार लागतात. उरलेल्या माव्याला निंबोळी अर्क, तोही मावा खाणारे ढालकिडे दिसत नसतील तरच. ढालकिडे असतील तर आठवडाभर थांबा. पहिला काळा ठिपका दिसताच जहाल औषध मारणारे लोक मधमाश्याही मारतात आणि मग शेंगा कमी म्हणून तक्रार करतात. या फुलांना मधमाशी लागते.

शेंग मोठी होऊ दे, मग तोडू

दुसरी मोठी चूक ही, आणि ती चांगल्या हातानं लावलेल्या बागेतही होते. पावटा, वाल टच्च भरल्यावरच तोडायचा ही आपली सवय. बाकल्याची शेंग फुगून दिसायला लागली की आतला दाणा पिठूळ व्हायला लागलेला असतो.

दाणा जिथं शेंगेला चिकटतो तिथं एक बारीक रेघ असते. ती हिरवट पांढरी असेल तर दाणा कोवळा. काळी पडली असेल तर त्या शेंगा बियाण्याला सोडा. मी तोडायच्या आधी दोन-तीन शेंगा उघडून ही रेघ पाहते.

गेल्या वर्षी ओळखीतल्या एका घरी जेवायला बोलावलं होतं, मी दिलेल्या बियांचा बाकला आहे म्हणून. शेंगा फार जून होऊ दिल्या होत्या. कुकरला तीन शिट्ट्या, मग गोडा मसाला, चिंच, गूळ, खोबरं, म्हणजे थेट पावट्याची आमटी. ताटात करडा लगदा आणि त्यात चामड्यासारखी सालं. घरच्या मुलांनी सालं ताटाच्या कडेला लावली आणि "हे पुन्हा नको" म्हणाली. चार महिन्यांची मेहनत त्या तीन शिट्ट्यांत गेली. मला फार वाईट वाटलं.

बाकला दोनदा सोलायचा असतो. आधी शेंग, मग दाणा. बोटभर कोवळी शेंग आख्खी चिरून श्रावण घेवड्यासारखी करा. नखाएवढा दाणा नुसता शेंगेतून काढून खा. त्याहून मोठा झाला की उकळत्या मिठाच्या पाण्यात दीड-दोन मिनिटं टाका, लगेच गार पाण्यात घाला आणि चिमटीनं साल दाबा. हिरवागार दाणा टपकन बाहेर येतो. आपण डाळिंब्या सोलतो ना, तोच हात. डाळिंब्यांसाठी जे तासभर बसू शकतात, ते बाकल्यासाठी घाई का करतात हे मला कळत नाही. हिशोबही आधी करा: माझ्या काट्यावर १ किलो शेंगांतून ३०० ग्रॅमच्या आसपास दाणे निघतात, दुसऱ्यांदा सोलल्यावर आणखी कमी. चार माणसांना १ किलो शेंगा घेऊन बसू नका. आणि तोडल्या त्या दिवशीच शिजवा, गोडवा रात्रभरात उतरतो. लोखंडी कढई टाळा, रंग काळवंडतो.

मसाला कमी ठेवा. जग बाकला कसं खातं ते बघितलं की हे पटतं. रोममध्ये १ मे रोजी कोवळे कच्चे दाणे मेंढीच्या दुधाच्या खारट चीजबरोबर खायची रीत आहे, बाकी काही नाही. तुर्कस्तानात आख्ख्या शेंगा ऑलिव्ह तेलात शिजवून वर शेपू आणि दही. इराणमध्ये सोललेले दाणे आणि भरपूर शेपू घालून भात. शेपू आपल्याकडे बारा महिने मिळतो आणि आपण तो मुगाच्या डाळीपलीकडे नेत नाही. माझ्या घरी आता शेपू-बाकल्याचा भात ठरलेला आहे: तूप, जिरं, बारीक चिरलेला शेपू, तांदूळ, आणि भात होत आला की शेवटच्या पाच मिनिटांत दाणे. इजिप्तमधला 'फूल' नावाचा पदार्थ मात्र ओल्या दाण्यांचा करू नका, ते वाळलेल्या बाकल्याचं, तासन्‌तास मंद शिजवायचं काम आहे.

वाढण्याआधी विचारा

यात मी कुणाचं ऐकत नाही. काही माणसांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं. त्यांनी बाकला खाल्ला तर तांबड्या पेशी फुटतात. दिवसा-दोन दिवसांत थकवा, डोळे पिवळे, लघवी गडद चहासारखी. शिजवल्यानं हा धोका जात नाही. ही कमतरता मुलग्यांत जास्त दिसते, आणि बऱ्याच जणांना आपल्याला ती आहे हेच माहीत नसतं.

माझ्या आतेभावाच्या मुलाला जन्मल्यावर कावीळ जास्त झाली होती, तेव्हा तपासणीत हे कळलं. डॉक्टरांनी टाळायच्या गोष्टींची चिठ्ठी दिली, त्यात काही औषधांबरोबर बाकलाही होता. घरच्यांना वाटलं, ही कुठली तरी परदेशी भाजी, आपल्याला काय करायची. आणि तो मुलगा सात वर्षांचा असताना माझ्याच अंगणात शेंगा सोलत बसला होता. त्याच्या आईला ती चिठ्ठी आठवली म्हणून बरं. तेव्हापासून पाहुणा कुणीही असो, मी आधी विचारते: घरात कुणाला हा त्रास आहे का, लहानपणी अशी कावीळ झाली होती का? उत्तर नक्की नसेल तर ताटात बाकला जात नाही. कुणी खाल्ला आणि लघवी गडद झाली तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. कंपवातावर लेव्होडोपा घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारूनच खावा, कारण तेच द्रव्य बाकल्यात निसर्गतः असतं.

आगटीत टाका

जपानमध्ये बाकल्याला 'सोरामामे' म्हणतात, म्हणजे आकाशाची शेंग, कारण कोवळ्या शेंगा वर आकाशाकडे तोंड करून उभ्या असतात. तिथं त्या सालासकट विस्तवावर भाजतात. वाचल्या वाचल्या मला हुरड्याची आगटी आठवली. जानेवारीच्या शेवटी हुरडा आणि बाकला एकदमच हाताशी येतात. कणसं काढून घेतली की त्याच निखाऱ्यावर मी शेंगा टाकते, दोन्ही बाजू काळ्या होईपर्यंत. सात-आठ मिनिटं पुरतात. आतला मखमली पांढरा गर दाण्याला वाफेवर शिजवतो. शेंग चिरायची, दाणा दाबून काढायचा, वर मीठ. लसणाची चटणी बाजूला असली तर असू दे, पण पहिले चार दाणे नुसते खा.

प्रत्येक ओळीतली दोन सशक्त झाडं तोडणीतून वगळून बियाण्याला ठेवा. शेंगा झाडावरच काळ्या पडून कडकडीत वाळू द्या, मग दाण्यांना दोन-तीन उन्हं दाखवून राखेत घोळवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, नाहीतर दसऱ्यापर्यंत भुंगा पोखरतो.