आई दिव्यांग, लेकरूही दिव्यांग: दोघांचे कागद कसे करावेत

माझा उजवा पाय लहानपणी पोलिओनं गेला. मुलाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळं हातपाय नीट चालत नाहीत, सोबत बौद्धिक अक्षमताही. त्याच्या दिव्यांग प्रमाणपत्राच्या फाइलीपायी मी दोन वर्षं हेलपाटे घातले. त्यानंतर आमच्या तालुक्यातल्या कितीतरी आयाबापांसोबत दवाखान्याच्या आणि तहसीलच्या बाकावर बसले. 'सेतूवर जा, ते सगळं करून देतात' असं सांगणाऱ्यांनी स्वतः एकही फाइल केलेली नसते. सेतूवाला फक्त फॉर्म भरतो, टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डासमोर तुम्हालाच बसावं लागतं.

पहिली गोष्ट, दोन फाइली करा. दोन वेगळे रंग, वर मोठ्या अक्षरात नाव. सरकारच्या लेखी तुम्ही दोघं दोन वेगळे अर्जदार आहात. एकाच पिशवीत कागद कोंबले की तुमच्या आधारची झेरॉक्स लेकराच्या अर्जाला लागते आणि चूक महिनाभरानं कळते. माझं हेच झालं होतं.

तुमची स्वतःची फाइल सोपी आहे. जुनं कागदी प्रमाणपत्र असेल तर सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ते चढवून यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करा. ते करताना नाव आधारवर आहे तसंच लिहा, माहेरचं-सासरचं मिसळू नका.

आता लेकराचं प्रमाणपत्र. सगळं इथंच अडतं.

अर्ज ऑनलाइनच होतो, पण त्यात अपंगत्वाचा प्रकार निवडायचा रकाना असतो आणि घाईत तिथं एकच प्रकार टाकला जातो. मुलगा लंगडत चालतो हे दिसतं, म्हणून माझ्या मुलाच्या अर्जात फक्त 'चलनवलन' आलं. आम्ही पहाटेची एसटी धरून जिल्ह्याच्या दवाखान्यात गेलो. हाडांच्या डॉक्टरांनी पाय तपासले आणि 35 टक्के लिहिले. 40 च्या खाली म्हणजे योजनांची दारं बंद. मी खिडकीवर जाऊन म्हटलं, याला बोलता येत नाही, समजत नाही, ते कोण बघणार? उत्तर आलं, "बाई, बुद्धीची तपासणी करणारे तं आज नाही येत. काहून आले आज?" कोणता तज्ज्ञ कोणत्या वारी बसतो हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. कापूस वेचणीचे दिवस होते, दोन माणसांची मजुरी बुडाली, आणि हाती आलेला कागद कशाच्याच कामाचा नव्हता.

म्हणून लेकराला एकाहून जास्त त्रास असतील तर अर्जात बहुविकलांगता टाका आणि प्रत्येक त्रासाची तपासणी मागून घ्या. टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही, त्याचं सूत्र आहे. मोठा आकडा घ्यायचा. 90 मधून तो वजा करून जे उरेल त्याला लहान आकड्यानं गुणायचं, 90 नं भागायचं आणि आलेलं उत्तर मोठ्या आकड्यात मिळवायचं. माझ्या मुलाला दुसऱ्या खेपेला बुद्धीचे 50 मिळाले, पायाचे 35 होतेच. 90 वजा 50 म्हणजे 40, 40 गुणिले 35 भागिले 90 म्हणजे साधारण 16, एकूण 66. मुलगा तोच होता, त्याचे पायही तेच होते. हे गणित घरी करून जा. खिडकीवर तुमच्यासाठी ते कुणी करून बघत नाही.

बुद्धीची तपासणी कशी होते तेही आधी समजून घ्या. टेबलावर लाकडी पाटी असते, तिच्यात गोल, चौकोन, चांदणीच्या खाचा. तुकडे ज्याच्या त्याच्या खाचेत बसवायचे असतात. माझ्या मुलानं चांदणी उचलली, तोंडात घातली आणि माझ्याकडे बघत बसला. पण मोठा भाग पुढं असतो. तिथं प्रश्न आईबापाला विचारतात. स्वतःच्या हातानं जेवतो का? गुंड्या लावतो का? संडासला जायचं सांगतो का? एकटा दुकानात जाऊन येतो का? लेकरू रोजच्या जगण्यात किती करू शकतं ते तुमच्या उत्तरांवरून ठरतं आणि टक्केही त्यावर ठरतात.

आणि तिथंच आपण चुकतो. चार लोकांत लेकराला कमी लेखायला जीव होत नाही. "करतो जी सगळं, हुशार आहे" असं तोंडातून निघून जातं. मी स्वतः म्हटलं आहे. आपण पण अपंग आणि पोरगं पण अपंग, लोक काय म्हणतील, ही भीती आतून बोलत असते. तिथं तिचं ऐकू नका. 'जेवतो' एवढंच सांगू नका; घास कालवून हातात द्यावा लागतो, निम्मं खाली सांडतं, हे सांगा. आठवडाभर आधी वहीत रोज लिहून ठेवा की कोणत्या कामाला तुमचा हात लागला, रात्री किती वेळा उठावं लागलं. वही सोबत न्या. खोटं मात्र बोलू नका आणि लेकराला नाटक शिकवू नका. ते ओळखू येतं, आणि मागच्या रांगेतल्या खऱ्या लेकरावरही मग संशय घेतला जातो.

त्या दिवशी लेकरू उपाशी किंवा पेंगुळलेलं नको. लांबचं गाव असेल तर आदल्या दिवशी नातेवाइकाकडे मुक्काम करा. जन्माच्या वेळचं दवाखान्याचं कार्ड, शाळेचा किंवा अंगणवाडीचा कागद, फिट येत असतील तर औषधाच्या चिठ्ठ्या न्या. प्रमाणपत्र हातात आल्यावर तिथंच उभं राहून नाव, जन्मतारीख, टक्के आणि मुदत वाचा. लहान मुलांचं प्रमाणपत्र बहुधा मुदतीचं असतं. ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहा आणि तीन महिने आधी हालचाल सुरू करा.

आपल्या विदर्भात सिकलसेलची, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, घरं खूप आहेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत सिकलसेल आहे. रक्ताच्या रिपोर्टात एसएस म्हणजे प्रत्यक्ष आजार; आईला एसएस आणि लेकरालाही एसएस असेल तर दोघांचे अर्ज वेगळे करा. एएस म्हणजे वाहक, त्याला हे प्रमाणपत्र मिळत नाही; त्यासाठी गाडीभाडं खर्चू नका.

पुढचं काम तहसीलचं. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत 2025 च्या ऑक्टोबरपासून दिव्यांगांना महिन्याला 2,500 रुपये आहेत. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 50,000 च्या आत असावं, म्हणून तलाठ्याकडून अहवाल घेऊन उत्पन्नाचा दाखला आधीच काढा. अर्ज तुमचा वेगळा, लेकराचा वेगळा. 'एका घरात एकच' असं कुणी तोंडी सांगितलं म्हणून परत फिरू नका. दोन्ही अर्ज द्या, पोच घ्या, आणि नाकारला तर कारण लेखी मागा.

पैसे आधारवरून थेट खात्यात येतात. लेकराचं खातं त्याच्या नावावर उघडा, पालक म्हणून तुमचं नाव राहील, आणि त्या खात्याला लेकराचंच आधार जोडा. बँकेतला माणूस सवयीनं तुमचं आधार जोडतो, समोर उभं राहून बघा. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी लेकराच्या बोटांचे ठसे आधारवर नव्यानं द्यावे लागतात. हात आखडलेलं लेकरू असेल तर सकाळी, गर्दी नसताना जा.

एसटीत तिकिटाला 75 टक्के सवलत आहे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्चायचे असतात. ग्रामसभेत दोघांचीही नावं यादीत घालून घ्या. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेचा निरामय आरोग्य विमा आहे, वर्षाला 1 लाखापर्यंत.

आणि एक काम आजच सुरू करा. लेकरू 18 चं झालं की कायद्यानं तुम्ही आपोआप त्याचे पालक उरत नाही. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करता येतो. वरच्या चारही प्रकारांना तो लागू आहे. धडधाकट आईबाप हे पुढं ढकलतात. आपल्याला तसं करता येत नाही. आपलं शरीर कधी साथ सोडेल ते आपल्याला ठाऊक असतं. माझ्यानंतर कोण, हे मी धाकट्या भावाला समोर बसवून विचारलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग आत जाऊन आधार कार्ड घेऊन आला. त्याची झेरॉक्स आणि दोन फोटो मुलाच्या हिरव्या फाइलीत मागच्या खणात ठेवले आहेत.