मुलांना घेऊन दोन दिवसांची मुंबई: आखणी कशी करावी

दिवाळीच्या सुट्टीत पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूरकडून मुंबई बघायला निघालेल्या घरांची यादी गेटवे, राणीची बाग, हँगिंग गार्डन, चौपाटी, सिद्धिविनायक, जुहू अशी लांबतच जाते. एवढं सगळं दोन दिवसांत कोंबलं की मुलांच्या वाट्याला टॅक्सीच्या खिडकीतली मुंबई येते. म्हणून दिवसाला एकच मोठं ठिकाण ठेवा, त्याच्या जोडीला एखादं छोटं, आणि दोन्ही दिवसांना जोडणारी एखादी गोष्ट. पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठी मला सर्वांत भावलेली आखणी एका दगडी हत्तीभोवती फिरते. ती पुढे देतो.

१. ठिकाणांआधी वार ठरवा

राणीची बाग बुधवारी बंद असते, घारापुरीची लेणी सोमवारी. म्हणजे हे दोन वार आधीच बाद. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असू शकतो, शिवाय बागेत आणि बोटीवर गर्दी. जमत असेल तर गुरुवार-शुक्रवार निवडा. महिन्यांचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात उकाड्याने मुलं दुपारपर्यंत गळून जातात आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की घारापुरीच्या बोटी बंद ठेवतात.

२. मुक्काम दक्षिण मुंबईतच करा

उपनगरात खोली स्वस्त मिळते, पण रोजचा दीड तास जाण्यात आणि दीड तास येण्यात जातो. सीएसएमटी किंवा फोर्टच्या आसपास साधी, स्वच्छ खोली घ्या. दुपारी तासभर पाठ टेकायला परत येता येतं, आणि लहान मुलं बरोबर असताना ही सोय फार मोठी आहे. नातेवाईक डोंबिवली-बोरिवलीला राहत असतील तर त्यांच्याकडे जेवायला वेगळ्या वेळी जा, मुक्काम तिथे नको.

३. पहिला दिवस: राणीची बाग

पुण्याहून डेक्कन क्वीन सकाळी ७.१५ ला सुटते आणि साडेदहाच्या सुमारास सीएसएमटीला येते. सामान खोलीवर टाका, मुलांना पोटभर खायला घाला आणि मगच निघा. सीएसएमटीहून धीम्या लोकलने भायखळा तिसरंच स्टेशन. गाडी सीएसएमटीलाच सुरू होत असल्याने दुपारी बसायला जागा मिळते, म्हणून मुलांचा पहिला लोकलप्रवास इथूनच करावा. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धं. स्टेशनात गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते, म्हणून आधीचं स्टेशन गेलं की दाराजवळ या. उतरताना एक मोठं माणूस पुढे, एक मागे, मुलं मध्ये. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ लोकलच्या वाटेला जाऊ नका. परतताना उशीर झाला तर सरळ टॅक्सी करा.

बागेचं आजचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. मुलांची ओढ पेंग्विनकडे असते. हे हंबोल्ट पेंग्विन २०१६ साली दक्षिण कोरियातून आणले. त्यांचं दालन गार असतं, तेव्हा भर उन्हाची वेळ तिथे घालवा आणि वाघ-अस्वलांकडे ऊन उतरल्यावर जा.

आता तो हत्ती. बागेच्या आवारात डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या इमारतीशेजारी एक मोठा दगडी हत्ती उभा आहे. बहुतेक लोक त्याच्यासमोर फोटो काढून पुढे जातात. तुम्ही थांबा आणि मुलांना गोष्ट सांगा. हा हत्ती मूळचा घारापुरी बेटावरचा. पोर्तुगीजांनी त्याला पाहूनच बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचं ठरवलं, पण उचलताना तो पडून फुटला. त्याचे तुकडे मुंबईत राहिले आणि १९१४ मध्ये ते पुन्हा जोडले गेले. मुलांना अंगावरचे सांधे शोधायला सांगा. आणि मग सांगा की उद्या आपण याच्या गावाला जाणार आहोत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना उठवायला कष्ट पडत नाहीत.

संध्याकाळी बाकी काही नको. सीएसएमटीची इमारत रस्त्याच्या पलीकडून, दिवे लागल्यावर बघा. १८७८ मध्ये बांधकाम सुरू झालं, ते दहा वर्षं चाललं. फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला वाघ आहे. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. भिंतींवर आणखी किती प्राणी दडलेत ते मुलांना मोजू द्या.

४. दुसरा दिवस: घारापुरी

गेटवेहून सकाळी नऊच्या सुमारास बोटी सुरू होतात. पहिल्या बोटींपैकी एक पकडा. प्रवास साधारण तासाभराचा. लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचं मागून घ्या आणि पट्टे स्वतः आवळा. जॅकेट मिळत नसेल तर ती बोट सोडून द्या. बोट लागणाऱ्या मुलाला निघण्यापूर्वी तळलेलं खाऊ घालू नका.

धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत छोटी गाडी आहे, तीत बसलंच पाहिजे. पुढे सुमारे १२० पायऱ्या. दोन्ही बाजूंना दुकानं. खरेदी उतरताना करू, असं वर चढण्याआधीच ठरवून टाका. माकडं हातातला खाऊ हिसकावतात, म्हणून डबा, बिस्किटं, केळी सगळं पिशवीत बंद. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लेण्यांचं तिकीट नाही.

पाचही लेणी बघण्याचा हट्ट धरू नका. पहिलं लेणं पुरेसं आहे. आत शिरल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या आणि मग समोरच्या भिंतीतल्या त्रिमूर्तीकडे चला. सुमारे २० फूट उंचीचे तीन चेहरे कातळातूनच कोरलेले आहेत. कोणता चेहरा शांत, कोणता रागावलेला, कोणता नाजूक, हे मुलांनाच ओळखू द्या. त्यांची निरीक्षणं आपल्याला थक्क करतात.

५. हाताशी दुसरी योजना ठेवा

बोट बंद असेल किंवा मूल फारच लहान असेल, तर वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. भुयारी मेट्रोने सीएसएमटीहून थेट सायन्स सेंटर स्टेशनला उतरता येतं. तिथे वस्तूंना हात लावायला परवानगी आहे, त्यामुळे मुलं रमतात.

६. पिशवी आणि सुरक्षितता

प्रत्येकाची पाण्याची बाटली, टोपी, एक जादा कपड्यांचा जोड, ओले रुमाल. घरची दशमी किंवा तिखट-मिठाच्या पुऱ्या पहिल्या दिवशी फार उपयोगी पडतात. बाहेर गरम वडापाव, इडली खुशाल खा. बर्फ घातलेलं सरबत मात्र टाळा. रोज सकाळी निघताना मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो मोबाइलवर काढा आणि आपला नंबर लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या खिशात ठेवा. चुकामूक झाली तर जागचं हलायचं नाही आणि गणवेशातल्या पोलिसाला चिठ्ठी दाखवायची, हे घरीच एकदा करवून घ्या. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा क्रमांकही पाठ असू द्या.

७. परतीचं गणित

डेक्कन क्वीन संध्याकाळी ५.१० ला सुटते. म्हणजे बेटावरून साडेबाराची, फार तर एकची बोट. दोनपर्यंत गेटवे, जवळपास जेवण, खोलीवरून सामान, आणि साडेचारला स्टेशनात. फलाटावर पाणी भरून घ्या. जागा धरताना मुलांना खिडकी द्या. कर्जतनंतर घाट लागेपर्यंत जागी असतील तर बोगदे तेच मोजतील.